ओमानचा जावई

अमेरिकेचे ग्रीन कार्ड सोडतीतही लागू शकते हे समजल्यावर मी प्रथम पदवीची आणि अनुभवाची प्रमाणपत्रे शोधायला बसलो, परंतु नियमावली वाचताच तो उत्साह मावळला. १९९० च्या कायद्यातून निघालेल्या या डायव्हर्सिटी व्हिसा योजनेत वर्षाला फार तर ५५,००० व्हिसा असतात आणि गेल्या पाच वर्षांत ज्या देशातून ५०,००० हून अधिक लोक तिकडे स्थायिक झाले, तिथे जन्मलेल्यांना अर्जच करता येत नाही. भारतीयांनी ती मर्यादा केव्हाच ओलांडली असल्याने, ठाण्याबाहेर न पडताही मी अमेरिकेत जास्त झालो होतो.

मात्र येथे नागरिकत्व नव्हे तर जन्मस्थळ पाहतात, आणि स्वतःचे चालत नसेल तर पत्नीचे चालते. सासरे नोकरीसाठी मस्कतला असताना आमच्या सौभाग्यवती तिथे जन्मल्या. हुंडा न घेता केलेल्या लग्नात सासरकडून अख्खा ओमान मिळाला! अट एकच: व्हिसा दोघांना मिळाला पाहिजे आणि अमेरिकेत प्रवेशही एकदमच केला पाहिजे. त्यामुळे त्या काळात घरात अबोला धरणे मला परवडणारे नव्हते.

शिक्षणाची अट बारावीवर भागते; खरी परीक्षा छायाचित्राची. ते चौकोनी हवे, २४० केबीच्या आत हवे, डोके एकूण उंचीच्या ५० ते ६९ टक्के हवे आणि चष्मा नको. चष्मा काढल्यावर मला कॅमेराच दिसेना, म्हणून मी फोटोवाल्याच्या आवाजाच्या दिशेने पाहत राहिलो. छायाचित्रात फेरफार चालत नाही असे बजावूनही त्याने माझा रंग उजळला, मिशी काळी केली आणि गालावरचा तीळ पुसला. ‘स्थळ चांगलं आहे ना, मग असू द्या,’ असे त्याचे म्हणणे पडले. तीळ परत आणायला त्याने वेगळे पैसे घेतले.

पुढे मे महिन्यापर्यंत पुष्टिक्रमांक जपणे एवढेच काम उरते, कारण निवडीचे पत्र येत नाही. निकाल आपणच पाहायचा असतो. निवड झाली म्हणजे व्हिसा मिळाला असेही नव्हे, कारण निवडतात व्हिसांपेक्षा कितीतरी जास्त लोकांना. २०११ साली तर सुमारे २२,००० जणांना निवडल्याचे कळवून, संगणकाने बहुतेक नावे पहिल्या दोन दिवसांच्या अर्जांतूनच उचलली म्हणून तो निकालच रद्द केला होता. आमच्या बाबतीत संगणक चुकला नाही. आम्हा दोघांनाही त्याने स्वच्छ नकार दिला.

खरे दुःख न्यू जर्सीत झाले. माझे साडू तिथे मोठे इंजिनिअर असून भारतात जन्मलेल्यांच्या ग्रीन कार्डाच्या रांगेत कित्येक वर्षे उभे आहेत, आणि मेव्हणीचा जन्म मिरजेचा. मस्कतचे हे माहात्म्य कळल्यावर तिने आईला फोन करून जाब विचारला. सासूबाईंना त्यात काहीच वावगे वाटले नाही. ‘पहिलं बाळंतपण माहेरीच करतात,’ एवढे सांगून त्यांनी फोन ठेवला.