भिंत आउट आहे

आमच्या हॉलमध्ये साडेतीन फुटांचा एक कोनाडा आहे. बिल्डरने तो कशासाठी सोडला, हे त्यालाही ठाऊक नसावं. दहा वर्षं तिथे इस्त्रीचे कपडे, सायकलचा पंप आणि पाहुणे आल्यावर दडवायच्या यच्चयावत वस्तू सुखाने नांदत होत्या. मग हिच्या मनात आलं, तिथे पुस्तकांसाठी दारं असलेलं मापाचं कपाट करून घ्यावं. सगळा घोळ त्या 'मापाचं' शब्दाने केला.

मिस्त्री आले. टेप काढायच्या आधीच त्यांनी भिंतीकडे मुलगी बघायला आलेल्या मुलाच्या मामासारखं पाहिलं. कोपऱ्यात गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार, लावला, वरून ओळंबा सोडला आणि निकाल दिला, "साब, दीवार आउट है."

"कितना आउट?"

"छे सूत."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे कोनाडा वर साडेतीन फूट, तर खाली पाऊण इंचाने जास्त. ज्या भिंतीचे हप्ते मी अजून भरतोय, ती तिरकी! मी माझ्या खास हिंदीत तोडगा काढला, "तो फिर कपाट को भी थोडा आउटच बनाओ ना!"

"बना देंगे," मिस्त्री शांतपणे म्हणाले, "लेकिन दरवाजा अपने आप खुलेगा."

प्लायच्या दुकानात दुकानदाराने विचारलं, ७१० की ३०३? मला वाटलं गाडीचा नंबर. ७१० पाण्याला दाद न देणारा, ३०३ कोरड्या जागेसाठी. सोबत आलेले शेजारी ७१०चा आग्रह सोडेनात. मी म्हटलं, "अहो, पुस्तकं पोहायला जाणार आहेत का?" तरी ७१०च आला, कारण शेजाऱ्यांकडे तोच आहे. सनमायक्याच्या निवडीबद्दल मी बोलणार नाही. घरात शांतता हवी आहे.

काम चालू असताना मिस्त्रींची नजर आजोबांच्या सागवानी कपाटावर गेली. त्याच्या दाराची मधली फळी चौकटीत किंचित हलते. ती कधीतरी फेविकॉलने पक्की करून घ्यायची, असं मी कित्येक वर्षं ठरवत होतो. ते ऐकून मिस्त्रींनी कानाला हात लावला. फळी मुद्दामच खाचेत सुटी ठेवलेली असते. पावसाळ्यात लाकूड रुंदीला फुगतं, त्याला हलायला जागा हवी. चिकटवली तर फळी तडकेल, नाहीतर चौकट उघडेल. मग त्यांनी त्या कपाटालाही गुण्या लावला. चारी कोपरे काटकोनात. "ये सीधा है," ते म्हणाले. आमच्या घरात एवढी एकच वस्तू सरळ निघाली. हिने 'वस्तू'वर जोर देऊन माझ्याकडे पाहिलं.

नवं कपाट उभं राहिलं आणि भिंतीलगत फट उरली. मिस्त्रींनी तिथे एक पट्टी उभी धरली. लाकडाच्या छोट्या तुकड्याला पेन्सिल टेकवली आणि तो तुकडा भिंतीला चिकटवून वरून खालपर्यंत सरकवला. भिंतीचं सगळं वाकडेपण, प्लास्टरचं एकूण एक टेंगूळ, पट्टीवर उतरलं. मग रंध्याने त्या रेघेपर्यंत तासत आणलं. पट्टी वर एक इंच, खाली पावणेदोन. पण बसली अशी, की मागे पोस्टकार्ड सरकेना. दीड तास गेला त्या पट्टीत. मी नुसता बघत बसलो होतो. ऑफिसची मीटिंगही बुडवली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःसाठी एक गुण्या विकत आणला. बाथरूमचं दार चार सूत आउट आहे. बेडरूमबद्दल हिने मोजायची बंदी घातली.

रविवारी मेव्हणे आले. चहाचा कप हातात धरून त्यांनी कपाट बराच वेळ न्याहाळलं. काच बघितली, दार उघडून मिटलं. मी पट्टीविषयी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात मान एका बाजूला कलती करून ते म्हणाले, "छान झालंय हो. फक्त कपाट जरा तिरकं बसलंय का?"

मी गुण्या आणायला उठलो.