सर्वे नंबर टाकला की पेशवाई उघडत नाही

सध्या एक मजकूर गटागटांतून फिरतो आहे: "आपल्या घराण्याचा आणि वाड्याचा तीनशे वर्षांचा इतिहास घरबसल्या काढा. सातबाऱ्यावर सर्वे नंबर टाका, पहिल्या मालकापासून सगळी नावे दिसतील. घरात मोडी कागद असेल तर तो पेशवाईतलाच समजा." वाक्ये मोजकी, पण चुका भरपूर. एकेक घेऊ.

"तीनशे वर्षांचा इतिहास"

गाव नमुना ७ (हक्काची नोंद) आणि गाव नमुना १२ (पिकांची नोंद) एकाच कागदावर आले म्हणून त्याला सातबारा म्हणतात. कोणत्या जमिनीवर कोणाचा हक्क, याची गाववार नोंद मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली. त्यामुळे फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) क्रमांक १ बहुतेक गावांत विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतलाच निघतो. खुद्द सर्वे नंबर त्याहून जुना, तरी इंग्रजी अमलातलाच. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी सुरू केली, तिच्यातून तो आला. मोजणीची शंकू साखळी ३३ फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे आपला गुंठा. पेशवाईच्या कागदांत शेत थळाच्या (शेतपट्ट्याच्या) आणि टिक्याच्या (त्यातल्या तुकड्याच्या) नावाने येते, आकड्याने नाही.

हेही पश्चिम महाराष्ट्रापुरतेच. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तिथे १९५४-५५ चे खासरा पत्रक, म्हणजे जमिनींची क्रमांकवार नोंद, हा पाया, आणि त्यामागचे बरेच कागद उर्दूत. नागपूरकडे मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार भरे, म्हणून तिकडे १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (हक्कांची नोंद) आणि निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) मागायचे. इंदापूरची वाट नांदेडला लागू पडत नाही.

"पहिल्या मालकापासून सगळी नावे"

खरी फसगत इथे होते. मोबाईलवर दिसतो तो आजचा सातबारा. हस्तलिखित काळात हक्क गेला की नावाला कंस करत, आणि साधारण दहा वर्षांनी पुस्तक नव्याने लिहिताना कंसातली नावे गळत. म्हणजे जी नावे आपल्याला हवी असतात, नेमकी तीच आजच्या उताऱ्यावर नसतात.

मागे जायची दोरी म्हणजे नावाजवळचा वर्तुळातला आकडा. तो फेरफार क्रमांक. त्या क्रमांकाचा गाव नमुना ६, म्हणजे फेरफारांच्या वहीतला उतारा, काढायचा, त्यात आधीच्या धारकाचे नाव मिळते. मग जुन्या सातबाऱ्यावर त्या नावाजवळचा आकडा पाहायचा, की पुढचा फेरफार. असे उलटे चालत जायचे. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन ऑनलाइन आले आहेत. बाकीच्यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज. अर्जात गाव, फेरफार क्रमांक आणि जुना सर्वे नंबर तिन्ही लिहावे. नुसते "आजोबांचे कागद" लिहिले तर अर्ज परत येतो, आणि त्यात कारकुनाचा दोष नसतो.

वारस फेरफार म्हणजे घराण्याच्या शोधातला सोन्याचा तुकडा. मजकूर साधारण असा: "खातेदार राणू बिन संतू मयत. वारस मुलगे १) तुका वय ३०, २) गोंदा वय १२ अ.पा.क. आई सखू कोम राणू." बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. एका नोंदीत तीन नाती आणि दोन वये मिळाली. फक्त नोंदीची तारीख ही मृत्यूची तारीख समजू नका. सोसायटीचे कर्ज किंवा वाटणी निघेपर्यंत वारसाची वर्दी द्यायला कोणी जात नसे. मयत होऊन दहा-बारा वर्षांनी झालेल्या नोंदी काही दुर्मीळ नाहीत.

आणि वर नाव आहे म्हणून तोच एकटा मालक, असेही नाही. ए.कु.मॅ. लिहिले असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. मागे भाऊ असतात, त्यांची नावे नसतात. मुलींची नावे अनेकदा 'इतर अधिकार' या रकान्यात ढकललेली असतात, तो रकाना न वाचता वंशवेल काढणारे निम्मे घर गमावतात. १९५७ नंतर एखादे नवेच आडनाव उगवले तर आधी कूळ कायदा, म्हणजे जमीन कसणाऱ्या कुळाला हक्क देणारा कायदा, आठवावा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने कितीतरी कुळे मालक झाली. तो वंश बदललेला नसतो, हक्क बदललेला असतो. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांना सातबाऱ्यात शोधणे तर व्यर्थच.

"वाड्याचा इतिहास"

गावची जमीन काळी (शेतीची) आणि पांढरी (वस्तीची). सातबारा काळीचा, वाडा पांढरीत. गावठाणातल्या घरासाठी नगर भूमापन झाले असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि तिच्यामागची चौकशी नोंदवही. झाले नसेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. अनेक गावठाणांची मोजणी २०२० च्या स्वामित्व योजनेतच प्रथम झाली, तिथे मिळकत पत्रिकेला भूतकाळच नाही. नमुना ८ हा कर आकारणीचा कागद. आकारणी दर चार वर्षांनी सुधारते आणि घर क्रमांक तेव्हा बदलू शकतो. म्हणून क्रमांकावर विसंबू नये. जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा धरावी: पूर्वेस रस्ता, दक्षिणेस अमक्याचे घर. शेजाऱ्याच्या खतात आपले घर उत्तरेस आले, की जागा पक्की. दुय्यम निबंधकाकडची सूची २, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची यादी, यासाठीच चाळायची.

"सर्वे नंबर कायम असतो"

हे मजकुरात स्पष्ट लिहिलेले नाही, पण गृहीत धरलेले आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली योजना झालेल्या गावांत सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. आजचा गट ११२ आणि जुना सर्वे ११२ यांचा संबंध असेलच असे नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचे पत्रक घेऊन जुना-नवा मेळ आधी बसवावा. मग क्षेत्र ताडून पाहावे. जुन्यात ३ एकर २० गुंठे असेल तर नव्यात सुमारे १ हेक्टर ४१.६ आर यायला हवे. फार फरक पडला तर पोटखराबा (लागवडीस अयोग्य भाग) वगळला आहे का ते पाहा. तसे नसेल तर नंबर चुकला.

"मोडी म्हणजे पेशवाई"

मोडी विसाव्या शतकातही रोजच्या लिहिण्यात होती. १९२० ची पावतीही मोडीत सापडते. लिपीवरून काळ ठरवू नका, सन वाचा, आणि तो कोणता सन हे पाहा. पानिपतचा दिवस, १४ जानेवारी १७६१, शकात १६८२, आणि जुन्या कागदांत येणाऱ्या दुसऱ्या दोन कालगणनांपैकी फसलीत ११७० आणि शुहूर सनात ११६१ येतो. शुहूर बहुधा अरबी शब्दांत असतो: इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे एक, साठ, शंभर, हजार. शुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुमारास, बदलतो. त्यात ५९९ मिळवा, जानेवारी ते मृग या काळातला कागद असेल तर ६००. ११६१ हा शक समजून बसलात तर कागद थेट यादवकाळात जाईल.

कागद खरोखर पेशवाईतला निघाला तर पुढचा मुक्काम पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर. तिथे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आडनावाने लावलेले नाहीत. मागणी लिहिताना मौजे (गाव), तर्फ आणि परगणा (तेव्हाचे महसुली विभाग) लिहा. आजचा तालुका-जिल्हा लिहून काही हाती येत नाही.