आफ्रिकेचे लेखक लिहितात कुणासाठी?

सध्या एक मजकूर व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आफ्रिकेत लेखन नव्हतंच, अक्षरं गोऱ्यांनी नेली. आजचे आफ्रिकी लेखकही इंग्रजी-फ्रेंचमध्ये, परदेशी वाचकांसाठीच लिहितात. आणि तिथली कला म्हणजे लाकडी मुखवटे. हे न तपासता पुढं ढकललं जातं, याची मला मनापासून चीड येते.

पहिला दावा फार वेळ टिकत नाही. इथिओपियातल्या गरिमा मठात गीझ लिपीतल्या बायबलच्या पोथ्या आहेत; कार्बन चाचणीत त्यांचा काळ चौथ्या ते सातव्या शतकातला निघाला. उत्तर नायजेरियातल्या सोकोटोमध्ये कवयित्री नाना अस्माऊ (१७९३–१८६४) हौसा, फुलफुल्दे आणि अरबी अशा तिन्ही भाषांत कविता लिहीत होत्या. शिकवून तयार केलेल्या बायकांना त्या खेड्यापाड्यांत इतर बायकांना शिकवायला धाडत. ब्रिटिशांनी सोकोटो घेतलं ते त्यानंतर, १९०३ मध्ये.

दुसरा दावा जास्त पसरलाय, कारण त्यात थोडं तथ्य आहे. मोठे प्रकाशक, मोठे पुरस्कार लंडन-पॅरिसकडे आहेत आणि आपल्या हाती येतं तेही बहुतेक इंग्रजीतलंच. पण त्यावरून अख्ख्या खंडाचं साहित्य ठरवायचं, तर इंग्रजीत लिहिणाऱ्या चार भारतीय लेखकांवरून मराठी साहित्यही ठरवता येईल.

केनियात १९७७ साली काय झालं ते पाहा. न्गुगी वा थिओंगो यांची इंग्रजी कादंबरी त्या वर्षी आली. स्वातंत्र्यानंतरच्या सत्ताधाऱ्यांवर तिच्यात कडक टीका होती, तरी सरकारनं ती चालू दिली. त्याच वर्षी लिमुरूजवळच्या कामिरिइथु गावात त्यांनी न्गुगी वा मिरिइ यांच्यासोबत गिकुयू या आपल्या मातृभाषेत नाटक लिहिलं. उघड्यावरचा रंगमंच गावकऱ्यांनी बांधला, भूमिका मजुरांनी आणि शेतकऱ्यांनी केल्या. काही आठवड्यांतच प्रयोगाचा परवाना रद्द झाला आणि वर्ष संपता संपता न्गुगींना खटल्याविना तुरुंगात टाकलं. तिथं त्यांनी टॉयलेट पेपरवर गिकुयूतली कादंबरी लिहून काढली. पुढं १९८२ मध्ये तो रंगमंचही पाडला गेला. सरकारला धास्ती होती ती घरच्याच प्रेक्षकांची.

उत्तर नायजेरियातल्या कानो शहरातल्या हौसा प्रेमकथांचंही तेच. पातळ, स्वस्त पुस्तिका. लिहिणाऱ्या बऱ्याचशा बायका, वाचणाऱ्या मुली. जबरदस्तीचं लग्न, सवत, शाळा अर्धवट सुटणं, असे विषय. या कथा रेडिओवरही वाचल्या जातात, त्यामुळं अक्षरओळख नसलेल्यांपर्यंतही पोचतात. २००७ मध्ये कानोच्या गव्हर्नरांनी अशा पुस्तकांची जाहीर होळी केली. ही पुस्तकं परदेशी वाचकांसाठी असती, तर हा खटाटोप केला असता का?

राहिले मुखवटे. ते आहेत आणि सुंदर आहेत, पण कला तिथं थांबलेली नाही. घानात जन्मलेले शिल्पकार एल अनात्सुई १९७५ पासून नायजेरियातल्या न्सुक्का विद्यापीठात शिकवत होते. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची टोपणं आणि त्यांच्या गळ्याच्या पट्ट्या ठोकून सपाट करायच्या, दुमडायच्या, भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं एकमेकींना बांधायची. गावातली कैक माणसं हे काम करतात. त्यातून भिंतभर झळाळता पडदा तयार होतो, कापडासारखा घड्या पडणारा. कुठं, कशा घड्या घालायच्या हे तो टांगणाऱ्यांनी ठरवावं, अशी मुभा अनात्सुई देतात. ती टोपणंही उगाच निवडलेली नाहीत: गुलामांच्या व्यापारात युरोपीय लोक किनाऱ्यावर दारू देऊन माणसं नेत, तो इतिहास त्यांत आहे. मालीची राजधानी बामाकोत १९९४ पासून छायाचित्रांचं द्वैवार्षिक प्रदर्शन भरतं, सेनेगलची राजधानी डकारमध्ये समकालीन कलेचं. ‘मुखवटे’ एवढंच लिहिणाऱ्यानं निदान या दोन शहरांची नावं शोधून पाहावीत आणि मग मजकूर दुरुस्त करून पुन्हा पाठवावा.