नैरोबीला निघालेल्या भाचीला आलेला फॉरवर्ड

भाचीला नैरोबीत नोकरी लागली. घरच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो पडले, अभिनंदनं झाली आणि दहाव्या मिनिटाला माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे तिच्या अण्णामामाने, "जाण्याआधी हे वाच" म्हणून एक लांबलचक मजकूर टाकला. 'केनियाचं कटू सत्य'. हा मजकूर मला याआधी तीन ठिकाणांहून आला होता, सोडून दिला होता. या वेळी भाचीने खाली लिहिलं, "बापरे, हे माहीतच नव्हतं. थँक्स मामा." तेव्हा मात्र माझं डोकं सटकलं.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एक, गोरे येण्याआधी तिथली जमीन ओसाड पडलेली होती. दोन, स्थानिक लोक जात्याच आळशी, इंग्रजांनी त्यांना कष्टाची सवय लावली. तीन, रेल्वे फुकटात दिली. चार, माउ माउ, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उठलेले बंडखोर, हे रानटी खुनी होते आणि इंग्रजांनी त्यांना संयमाने हाताळलं. पाच, भारतीयांनी देश उभा केला आणि त्यांनाच हाकलून दिलं. सहा, स्वातंत्र्याला 60 वर्षं झाली, आता गोऱ्यांना कसला दोष देता, यांचे नेतेच चोर. शेवटी हात जोडलेले आणि 'दहा जणांना पाठवा'.

पाचवा आधी उरकते, कारण तो चक्क दुसऱ्या देशाचा आहे. भारतीयांना हाकललं ते युगांडातून, इदी अमीनने, 1972 मध्ये. केनियातूनही 1968 च्या आसपास हजारो भारतीय ब्रिटनला गेले, परवान्यांचे आणि नागरिकत्वाचे जाच झाले, हे खरं. पण हकालपट्टी नाही. उलट 2017 मध्ये केनिया सरकारने तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची 44 वी जमात म्हणून मान्यता दिली. दुकानाला स्वाहिलीत आजही 'दुका' म्हणतात. अण्णा, नकाशा बघत जा जरा.

ओसाड जमीन. मग 1904 मध्ये इंग्रजांनी मसाई लोकांशी करार केला तो कुणाशी, बाभळींशी? रिफ्ट व्हॅलीतली कुरणं सोडा, त्या बदल्यात लायकिपियाचं पठार तुमचं, मसाई वंश असेतोवर तुमचं, असं लिहून दिलं. सात वर्षांत, 1911 मध्ये, लायकिपियाही गोऱ्यांना हवं झालं आणि नव्या करारावर अंगठे घेऊन त्यांना गुराढोरांसकट दक्षिणेला हाकललं. मसाई कोर्टात गेले. कोर्टाने 1913 मध्ये सांगितलं की तुम्ही परकं सार्वभौम राष्ट्र आहात, तुमच्याशी झालेला करार या कोर्टाच्या कक्षेत येत नाही. जमीन घेताना प्रजा, दाद मागताना परराष्ट्र! 1915 च्या कायद्याने गोऱ्यांना 999 वर्षांचे पट्टे मिळू लागले. डोंगराळ, सुपीक, गार हवेचा तो पट्टा 'व्हाइट हायलँड्स' झाला आणि तिथे आफ्रिकी माणसाला जमीन घेता येत नव्हती. आपल्या भारतीयांनाही नाही, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आता आळस. हा मुद्दा वाचून मी चहा तसाच ठेवून उठले, कारण भाची तिथे ज्या माणसांबरोबर काम करणार आहे त्यांच्याबद्दल हे लिहिलंय.

इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केनियात झोपडी कर बसवला. झोपडीमागे ठरावीक रुपये. हो, रुपयेच, तेव्हा तिथे तेच चलन होतं. आता शेतात मका पिकवणाऱ्या, शेळ्या पाळणाऱ्या माणसाने रुपये आणायचे कुठून? गोऱ्याच्या मळ्यावर मजुरी करून. करामागचा डाव हाच होता, आणि तो कुणी लपवलाही नव्हता. गव्हर्नर बेलफील्ड यांनी 1913 मध्ये उघडपणे म्हटलं की आफ्रिकी माणसाला आपलं क्षेत्र सोडून कामाला बाहेर पडायला लावण्याचा कर हाच एकमेव उपाय आहे. घरचं शेत कसणारा माणूस दुसऱ्याच्या शेतावर राबायला येत नाही, याला मजूर शोधणारा मालक आळस म्हणतो. हे आपल्याकडेही ऐकलेलं आहे की.

पुढे किपांडे आला. पहिल्या महायुद्धानंतर प्रत्येक प्रौढ आफ्रिकी पुरुषाला बोटांचे ठसे आणि मालकाच्या नोंदी असलेला कागद पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवावा लागे. मालकाने सही केल्याशिवाय नोकरी सोडता येत नसे, पळालात तर तुरुंग. 1918 च्या कायद्याने गोऱ्यांच्या जमिनीवर राहणाऱ्या कुटुंबांना वर्षातले किमान 180 दिवस मालकाचं काम सक्तीचं झालं. पुष्कळदा ती जमीन त्यांच्याच आजोबा-पणजोबांची.

आणि कॉफी. केनियाची कॉफी जगात नावाजलेली, भाचीही येताना आणेलच. आफ्रिकी शेतकऱ्याला ती लावायला अनेक दशकं मनाईच होती. 1930 च्या दशकात किसी आणि मेरूकडे थोड्यांना परवाने मिळाले, किकुयू या तिथल्या मोठ्या जमातीच्या भागात दार खऱ्या अर्थाने उघडलं ते 1950 च्या दशकात. अण्णा, एकच सांग. माणूस इतका आळशी असेल, तर त्याने कॉफी लावू नये म्हणून नियम कशाला लागतो? आळशी माणसाची स्पर्धा कोण धरतं? त्याने स्वतःची कॉफी लावली असती तर गोऱ्याच्या मळ्यावर तोडायला कोण गेलं असतं, एवढाच प्रश्न होता.

रेल्वेचं फार लांबवत नाही. 1896 ते 1901, मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत. बांधायला 32 हजारांच्या आसपास मजूर हिंदुस्थानातून नेले, बहुतेक पंजाबी, त्यातले सुमारे अडीच हजार तिथेच मेले. पैसा ब्रिटिश तिजोरीतून गेला, हे मान्य. पण ती केनियाच्या लोकांसाठी नव्हती, युगांडा आणि नाईलचा उगम ताब्यात ठेवायला होती. रूळ पडल्यावर खर्च भरून निघेना, म्हणून गोरे शेतकरी आणून वसवले, आणि त्यांच्यासाठी जमिनी मोकळ्या केल्या. फुकटच्या रेल्वेचं बिल मसाई आणि किकुयूंच्या नावाने फाटलं. गंमत म्हणजे हाच अण्णा दर महिन्याला 'कोहिनूर परत द्या' पाठवतो. ठाण्याची रेल्वे लूट आणि मोंबासाची रेल्वे उपकार, हे कसं?

चौथा मुद्दा सगळ्यात विषारी आहे. माउ माउंनी माणसं मारली, मी नाकारत नाही. क्रूरपणे मारली, आणि मेलेले बहुतेक आफ्रिकीच होते. गोरे वसाहतवाले 32. पण 'संयमाने हाताळलं'? या बंडाविरुद्ध इंग्रजांची आणीबाणी 1952 मध्ये लागली आणि ती संपेपर्यंत हजाराहून अधिक जणांना फाशी दिलं. सरकारी हिशेबानेच 80 हजारांच्या आसपास माणसं छावण्यांत डांबली. दहा लाखांहून अधिक लोकांना घरं सोडायला लावून खंदक आणि काटेरी कुंपणांच्या गावांत कोंडलं. 3 मार्च 1959 ला होला छावणीत काम करायला नकार देणाऱ्या कैद्यांना पहारेकऱ्यांनी बडवलं, 11 जण मेले. सरकारने आधी काय सांगितलं? टँकरचं पाणी प्यायल्याने मेले. पुढे ब्रिटिश संसदेत यावर सरकारचे वाभाडे काढणाऱ्यांत इनॉक पॉवेल होते. काळ्या-सावळ्यांच्या ब्रिटनमध्ये येण्याविरुद्ध पुढे गरळ ओकणारे तेच पॉवेल. त्यांनाही हे गिळवलं नाही, ते अण्णाच्या ग्रुपला सहज गिळवतंय.

डाव्यांचा प्रचार म्हणाल, म्हणून साक्षीदार त्यांच्याच घरचा आणते. 6 जून 2013, ब्रिटिश संसद, परराष्ट्रमंत्री विल्यम हेग. वसाहतीच्या प्रशासनाच्या हातून केनियाच्या लोकांचा छळ झाला हे ब्रिटिश सरकार मान्य करतं आणि त्याबद्दल मनापासून खेद व्यक्त करतं, असं त्यांनी सभागृहात सांगितलं. 5,228 दावेदारांसाठी, खटल्याच्या खर्चासह, 1 कोटी 99 लाख पौंड मंजूर केले. कायदेशीर जबाबदारी मात्र तेव्हाही नाकारली, तीही इंग्रजी शिस्तच. आणि हे शहाणपण आपसूक आलं नाही. छळ सोसलेले म्हातारे लंडनच्या कोर्टात गेले, तेव्हा हॅन्सलोप पार्क नावाच्या सरकारी ठिकाणी लपवून ठेवलेल्या 37 वसाहतींच्या हजारो फायली बाहेर आल्या. ज्यांनी छळ केला त्यांचं सरकार म्हणतं छळ झाला, आणि पुण्यात बसून आपण म्हणायचं संयम?

राहिला सहावा. नेते चोर. इथे मला दात-ओठ खात अर्धं मान्य करावं लागतं. केनियात राजकारण्यांनी अफाट लुटलं. जमिनी बळकावणारे आणि मर्सिडीझमधून फिरणारे जे नवे साहेब झाले, त्यांना लोकांनी 'वाबेन्झी' असं नावच ठेवलं, बेन्झ जमातीचे लोक. जे. एम. करिउकी हे स्वतः आणीबाणीत कैद भोगलेले खासदार. ते म्हणाले, आपल्याला दहा लक्षाधीश आणि एक कोटी भिकाऱ्यांचा केनिया नको. मार्च 1975 मध्ये त्यांचं प्रेत न्गाँगच्या डोंगरांत सापडलं.

पण हे चोर आकाशातून पडले का? आणीबाणीत बंडखोर छावण्यांत असताना इंग्रजांनी किकुयू भागात जमिनींचं एकत्रीकरण करून नवे सातबारे केले म्हणा ना. आत असलेल्यांची जमीन गेली, इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या होम गार्डवाल्यांची वाढली. कॉफीचे परवाने त्यांना आधी. 1957 च्या निवडणुकीत त्या भागात मतदानासाठी निष्ठेचा दाखला लागला, तोही त्यांनाच. म्हणजे 12 डिसेंबर 1963 ला झेंडा बदलला तेव्हा मालक कोण आणि मजूर कोण हे आधीच ठरलेलं होतं. त्यावर कडी म्हणजे, गोऱ्यांची जमीन परत घ्यायची तर बाजारभावाने विकत घ्या, पैसे नसतील तर ब्रिटन आणि जागतिक बँक कर्ज देतील. दहा लाख एकरांच्या योजनेत शेतकऱ्याने आपल्याच आजोबांची जमीन हप्त्याने घेतली.

याला विरोध करणारे होते. बिल्डाड कग्गिया, पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेल्या जोमो केन्याटांबरोबर तुरुंगात गेलेले, फुकट जमीन द्या म्हणत राहिले. 1965 मध्ये केन्याटांनी भर सभेत त्यांना हिणवलं: आपण एकत्र तुरुंगात होतो, बाकीच्यांनी बघ काय काय कमावलं, तू स्वतःसाठी काय केलंस? राष्ट्रपिता आपल्या साथीदाराला विचारतो की चोरी का केली नाहीस. फॉरवर्डमधल्या 'नेते चोर'चा अख्खा इतिहास या एका टोमण्यात आहे. आणि त्याच वर्षी, 24 फेब्रुवारीला, पियो गामा पिंटो मारले गेले. जन्म नैरोबीचा, पण मूळ गोव्याचे, आपल्या शेजारचे. पोर्तुगीजांविरुद्धच्या चळवळीत होते, पोलीस मागे लागल्यावर 1949 मध्ये केनियात परतले, माउ माउंना मदत केली म्हणून इंग्रजांनी त्यांना कैदेत टाकलं. स्वातंत्र्यानंतर खासदार झाले आणि नव्या जमीनदारांना प्रश्न विचारत राहिले. वयाच्या 37 व्या वर्षी त्यांना घराच्या फाटकातच गोळ्या घातल्या, गाडीत लहान मुलगी होती. एकाला शिक्षा झाली, मागचा सूत्रधार आजवर समोर आलेला नाही. फॉरवर्डवाल्यांनो, केनियासाठी मेलेला भारतीय हवा असेल तर हा घ्या.

साठ वर्षांचं म्हणाल तर 2024 बघा. कर्जाचे हप्ते आणि नाणेनिधीच्या अटी सांभाळण्यासाठी सरकारने नवे कर आणले, त्यात पावावर 16 टक्के व्हॅटचा प्रस्ताव होता. आरडाओरडा होऊन तो आधीच मागे घेतला, पण बाकीचे होतेच. 25 जूनला पोरं संसदेत घुसली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही करायचं नाकारलं. झोपडी कराविरुद्ध त्यांच्या पणज्यांना एवढं जमलं नव्हतं.

भाची नैरोबीच्या वेस्टलँड्स भागात घर बघते आहे. पिंटो राहायचे ते वेस्टलँड्सच, हे तिला कळवलंय. आणि अण्णा, तुझा मजकूर मी डिलीट करायला सांगणार नाही. तिचा होणारा घरमालक किकुयू आहे म्हणे. त्यालाच पाठव, दहातला पहिला.