आधी मोजा, मग बोला!

शनिवारी सकाळी सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायझर मला तोंडावर म्हणाला, "सर, गाडीत काही नाहीये. तुमची ब्रेक मारायची पद्धत चुकतेय." हातात टॅबलेट, नजर टॅबलेटवर, गाडीकडे एकदाही बघितलं नाही. २१ वर्षं गाडी चालवतोय मी. बोर घाट, पसरणी, आंबेनळी, वरंध सगळे उतरलोय, आणि उतारावर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ठेवतो, ब्रेकवर पाय ठेवून बसत नाही. हा मला ब्रेक मारायला शिकवणार!

ही चौथी खेप होती. चौथी! ८० च्या वेगात ब्रेकला पाय लावला की स्टिअरिंग गदागदा हलतं, पाय काढला की शांत. गेल्या रविवारी वाईहून येताना खंबाटकीचा बोगदा संपला, त्या उतारावरच्या वळणात पुढच्या ट्रकने ब्रेक मारला म्हणून मीही मारला, तर शेजारी बसलेल्या आईने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. "अरे, चाक निघालं की काय?" मागे पोरगी झोपलेली, ती दचकून उठली. तिथून पुण्यापर्यंत मी ५० च्या वर गेलो नाही आणि मागून येणारा प्रत्येक जण हॉर्न मारून पुढे गेला. घरी आल्यावर अर्धा तास माझे हात थरथरत होते.

पहिल्या खेपेला म्हणे अलाइनमेंट करा. अहो, अलाइनमेंट बिघडली की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. बॅलन्सिंग गेलं असेल तर ब्रेक न लावताही हलते. फक्त ब्रेक लावल्यावर हलते, म्हणजे आधी ब्रेकमध्ये बघायचं! स्टिअरिंगला जाणवतंय म्हणजे पुढच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, जिला पॅड दोन्ही बाजूंनी दाबून चाक थांबवतात), सीटखाली जास्त जाणवत असेल तर मागची बाजू, एवढं तर साधं आहे. दुसऱ्या खेपेला म्हणे, "एबीएस आहे सर, नॉर्मल आहे." जोरात ब्रेक मारून चाक लॉक व्हायला लागलं की ते सोडवणारं एबीएस पेडलखाली टकटक करतं. सिग्नलला हलक्या पायाने लावलेल्या ब्रेकला त्याचा काय संबंध? तिसऱ्या खेपेला "डिस्क वाकल्यात" म्हणून दोन्ही डिस्क नव्या, पॅड नवे, ११,४०० रुपये. ६,००० किलोमीटरमध्ये थरथर परत हजर. आणि आता चूक माझ्या पायाची!

जुन्या डिस्क दाखवा म्हटलं होतं, तर "स्क्रॅपमध्ये गेल्या." काढलेला माल गिऱ्हाइकाला दाखवायचाच नाही, ही यांची जुनी खोड. दोन वर्षांपूर्वी क्लचप्लेट संपली म्हणाले, तीही मी डोळ्यांनी पाहिली नाही. वायपर तर न विचारताच बदलले. नुकत्याच चालवून आलेल्या गाडीच्या तापलेल्या डिस्कवर वॉशिंगवाला गार पाण्याचा प्रेशर मारत असतो, त्याला कुणी अडवत नाही. आणि संध्याकाळी फोन, "सर, १० पैकी १० द्या हं, नाहीतर आम्हाला त्रास होतो." आणि आम्हाला जो होतो तो?

तिथून तडक कात्रजला आमच्या जुन्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. काकांनी एक शब्द न बोलता चाक काढलं, डिस्क नटांनी आवळून धरली, मॅग्नेटच्या स्टँडवर डायल गेज (बारीक फरक मोजणारं काट्याचं घड्याळ) लावला आणि डिस्क हाताने हळूहळू फिरवली. काटा सरकत गेला. फिरताना डिस्क एवढी डुगडुगते, यालाच रनआउट म्हणतात: ०.१३ मिलिमीटर. ०.०५ च्या आत हवं. मग डिस्क उतरवली आणि मला म्हणाले, "हात लावून बघा." हबच्या, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागाच्या, तोंडावर गंजाचा खडबडीत थर होता, नखाने पापुद्रा निघाला. ११,४०० रुपयांची नवी डिस्क त्या गंजावर बसवली होती! कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्यातली एक पीन कोरडी ठणठणीत, हाताने हलेना.

हबवर केसभर गंज असला तरी डिस्कच्या कडेला तो फरक वाढतो. तिरकी बसलेली डिस्क ब्रेक न लावताही दर फेऱ्याला एकाच जागी पॅडला घासते, तिथे झिजून पातळ होते, आणि मग काही हजार किलोमीटरनंतर पाय ठेवला की थडथड. डिस्क वाकलीच नव्हती. बसवणाऱ्याने वायर ब्रश हातात घेतला नव्हता, एवढंच. बहुधा आधीच्या डिस्कचंही हेच झालं असणार, पण त्या आता कुठे बघायला मिळणार?

काकांनी वायर ब्रश आणि पॉलिश पेपर मारला, पीन साफ करून ग्रीस लावलं. वीस-पंचवीस मिनिटं. परत गेज लावला, ०.०४. मग चाकाचे नट समोरासमोरचे, आळीपाळीने, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने. सेंटरमध्ये हवेच्या गनने एकामागून एक धडाधड आवळतात. तो आवाज ऐकला तरी माझं डोकं फिरतं, कारण असा कमी-जास्त आवळलेला नटही डिस्कला तिरकं ओढतो. नव्या पॅडना ६० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्ये गार होऊ देत आठ-दहा वेळा ब्रेक मारून बसवायचं असतं, हेही मला काकांनी सांगितलं. ११,४०० रुपये घेणाऱ्यांनी नाही सांगितलं.

स्टँडसकट डायल गेज दोन-तीन हजारांत येतो हो! एसी लाउंज आहे, कॉफीचं मशीन आहे, भिंतीएवढा टीव्ही आहे, आणि चार खेपांत एकानेही डिस्क मोजली नाही. एकानेही नाही. अंदाजाने पार्ट बदलायचे, पैसे आमचे, आणि नाही जमलं की दोष आमच्या पायाला. गाडीत माझी आई बसते, माझी मुलगी बसते.

काम अजून संपलेलं नाही. काकांनी मायक्रोमीटरने डाव्या डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजली, एका जागी ०.०३ कमी आहे. हे गंज काढून जाणार नाही, लेथवर फेस मारावा लागेल, म्हणजे डिस्कचा पृष्ठभाग घासून सारखा करावा लागेल. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या बरीच वर आहे म्हणून चालेल. तो खर्च मी माझ्या खिशातून करणार नाही. हबचे फोटो काढलेत, सगळे आकडे काकांनी कागदावर लिहून खाली सही केलीय. सोमवारी सकाळी काउंटर उघडायच्या आधी मी तिथे उभा असेन, आणि जॉब कार्डवर "रनआउट किती" हे त्यांच्या हाताने लिहून घेतल्याशिवाय जागचा हलणार नाही.