पन्नाशीतला पाळक पुन्हा वर्गात: गुरुजींच्या प्रतिक्रियेला उत्तर

गुरुजी, सप्रेम सलाम.

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की पाळकपदाची दीक्षा झाली म्हणून पाळकाचं शिक्षण संपत नाही. पाळक, पंच, संडे स्कूलच्या शिक्षिका, सगळ्यांनीच शिकत राहावं, आणि त्या शिकण्यात मोबाईल, इंटरनेट, कृत्रिम बुद्धिमत्ता हे विषयही यावेत. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘पेत्र आणि योहान कुठल्या कोर्सला गेले होते? पवित्र आत्मा शिकवायला समर्थ आहे. हल्ली सर्टिफिकेटांचा बाजार मांडलाय. मोबाईलवरून उपदेश उतरवून आणणाऱ्या पाळकापुढे बसण्यापेक्षा मी घरीच शास्त्र उघडून वाचेन.’

शेवटच्या वाक्यातलं दुखणं माझ्यापर्यंत पोचलं, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळी होत नाही.

पेत्र-योहान या येशूच्या शिष्यांपासूनच सुरुवात करू. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये ४:१३ मध्ये ते निरक्षर आणि अज्ञानी आहेत हे पाहून यहूदी पुढाऱ्यांच्या सभेला आश्चर्य वाटलं, इथवर तुमचं बरोबर. पण ते वचन तिथे थांबत नाही. हे येशूच्या सहवासात होते, हेही त्या लोकांनी ओळखलं, असं पुढे आहे. सहवासात राहून, चुकत, बोलणी खात, पुन्हा विचारत शिकणं हेही शिक्षणच, गुरुजी. आणि त्याच पुस्तकाच्या १८व्या अध्यायातला अपुल्लोस आठवा. आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वात पटाईत, शास्त्रात निपुण, सभास्थानात निर्भीडपणे बोलणारा. तरी प्रिस्किल्ला आणि अक्विल्लाने त्याला आपल्याकडे नेलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. तंबू शिवणारं जोडपं ते. उपदेशकाने कामाला लागल्यावर पुन्हा शिकायला बसावं, तेही मंडळीतल्या साध्या माणसांपुढे, याला यापेक्षा मोठा आधार मला नको.

सर्टिफिकेटांबद्दल मात्र तुमच्याशी वाद नाही. माझ्याही कपाटात असं एक पडलंय. एका संस्थेचा ऑनलाइन कोर्स होता, बारा व्हिडिओ, प्रत्येकाच्या शेवटी पाच प्रश्न. व्हिडिओ पुढे सरकवला तरी चालत होतं. तीन महिन्यांत मी एकाही माणसाशी बोलले नाही, आणि कोणी मला विचारलंही नाही की बाई, यातलं तुमच्या मंडळीत काय उपयोगी पडलं? तसल्या कोर्सची मी वकिली करत नाहीये.

माझ्या मनात आहे ते वेगळं, आणि ते नवीनही नाही. १९६३ साली मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीपुढे, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेपुढे, पेच होता. खेड्यातल्या मंडळ्या ज्यांच्या जिवावर चालत होत्या ती माणसं संसारी, शेतीवाडीत गुंतलेली. ती सेमिनरीत येऊन राहू शकत नव्हती, आणि जे तरुण येत त्यांतले बरेच पुन्हा खेड्यात जात नसत. तेव्हा त्यांनी सेमिनरीच खेड्याकडे नेली. घरी बसून अभ्यासायची पुस्तिका द्यायची, रोजचं मंडळीचं काम चालू ठेवायचं आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी जमायचं. या पद्धतीला टीईई म्हणतात, म्हणजे थिऑलॉजिकल एज्युकेशन बाय एक्स्टेन्शन. १९७१ पासून बंगळुरूच्या टॅफ्टी या संस्थेने ती आपल्या देशात रुजवली. टीईईची माणसं तिला लाकडी कुंपणाची उपमा देत. दोन आडव्या पट्ट्या, एक घरच्या अभ्यासाची आणि एक प्रत्यक्ष सेवेची, आणि त्यांना जागोजाग धरून ठेवणारे खांब म्हणजे ती बैठक. खांब काढले की पट्ट्या जमिनीवर पडल्या. माझ्या त्या कोर्सला एकही खांब नव्हता.

पुस्तिकेच्या जागी आज मोबाईल आला म्हणून हा हिशेब बदलत नाही. जे एकट्याने होतं ते घरी करावं. जे माणसांतच होतं त्यासाठी एकत्र यावं. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा विस्तार.

आपल्याच मातीतलं बघा. पंडिता रमाबाई चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीकचा पक्का अभ्यास करायला बसल्या. संस्कृतात एवढा अधिकार असलेली बाई! केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांना बायबलच्या जुन्या भाषांतराची मराठी जड जात होती, म्हणून मूळ भाषांवरून सोप्या मराठीत नवं भाषांतर करायचा हा खटाटोप. त्यांनी छापखानाही तिथेच घातला आणि खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बाया-मुली बसल्या. त्या काळातलं तंत्रज्ञान तेच, शिसं आणि शाई. १९२२ साली त्या गेल्या तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. पवित्र आत्म्यावर त्यांचा भरवसा कमी होता असं कोण म्हणेल?

आता मोबाईलवरच्या उपदेशाकडे येते. आमचा अभ्यासवर्ग शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत भरतो. आठ-दहा माणसं, एक पंखा, मधे टेबल. गेल्या पावसाळ्यात आमच्याच एका पाळकांनी लूक १५ वरचा उपदेश मोबाईलवरच्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून आणला आणि सगळ्यांपुढे वाचायला ठेवला. त्यांनी लपवलं नाही, याचा मला आदर वाटतो. मराठी गोड होती, मुद्दे रांगेत होते. मधे एक सुंदर वचन होतं आणि खाली संदर्भ दिला होता, नीतिसूत्रे ३२:४. संडे स्कूलच्या आमच्या सर्वांत जुन्या बाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, ‘अरे बाबा, नीतिसूत्रांना एकतीसच अध्याय आहेत.’

खोलीत कोणी बोलेना. मग आम्ही शास्त्र उघडून ते वचन दुसरीकडे कुठे आहे का ते शोधत बसलो. नव्हतं कुठेच.

हे असं का होतं, ते त्या संध्याकाळी मी फळ्यावर लिहून समजावलं. हे यंत्र वचन शोधून आणेलच असं नाही. आधीच्या शब्दांनंतर कुठला शब्द बसेल याचा अंदाज बांधत ते वाक्य पुढे नेतं. त्यामुळे पुस्तकाचं नाव, अध्याय, ओवी सगळं खऱ्यासारखं दिसतं आणि तरीही ते खोटं असू शकतं. इंग्रजीच्या मानाने मराठी मजकूर त्याने फार थोडा पाहिलाय, म्हणून आपण जास्त जपायला हवं. आणि आणखी एक गोष्ट ठणकावून सांगितली. मंडळीतल्या माणसाने विश्वासाने सांगितलेलं, कुणाचा आजार असो की कुणाच्या घरातलं भांडण, नावानिशी मोबाईलवरच्या त्या यंत्राला टाईप करून सांगायचं नाही. हे पाळकाला कुणीतरी शिकवायला नको का, गुरुजी? ‘मोबाईल वाईट’ एवढं सांगून हे कळत नाही. शिवाय पूर्वी पोरं जे प्रश्न पाळकाच्या दारात आणायची, ते आता रात्री अकराला अंथरुणात पडून मोबाईलला विचारतात. त्यांना काय उत्तरं मिळतात हे माहीत नसलेला पाळक त्यांच्याशी बोलणार कशाच्या आधारावर?

त्या पाळकांनी रविवारी तो उपदेश केला नाही. लूक १५ च घेतला, पण हरवलेल्या नाण्याचा दृष्टान्त. लहानपणी आईच्या डोरल्यातला मणी शेणाने सारवलेल्या जमिनीत हरवला होता. तिने दुपारी चिमणी पेटवून, पदर खोचून, कोपरान् कोपरा कसा झाडला ते त्यांनी सांगितलं. पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. तुम्ही त्या दिवशी घरी शास्त्र वाचत बसला असतात तर हे हुकलं असतं.

एकच पाळक मोटारसायकलवर चार-पाच गावांच्या मंडळ्या सांभाळतो, त्याला वेळ कुठला, हेही तुम्ही विचारलंय. म्हणूनच वर्ग त्याच्याकडे गेला पाहिजे. महिन्यातले दोन शनिवार आम्ही आता वाड्या-वस्त्यांवर बसतो. पुढचा पाठ प्रेषितांची कृत्ये १८ आहे. अपुल्लोसाचा भाग तुम्ही घ्याल का?