पीयूसी आहे, सर्व्हिसिंग होतं, मग तपासणी कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. दुचाकीची दर तीन महिन्यांनी सुरक्षा तपासणी करावी, या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पीयूसी वेळच्या वेळी काढतो आणि दर तीन हजार किलोमीटरला सर्व्हिसिंग करतो, मग हे आणखी कशाला? जपानमध्येसुद्धा २५० सीसीपर्यंतच्या गाड्यांना सक्तीची तपासणी नाही. आणि शेवटी हे सगळं गॅरेजवाल्यांच्याच पथ्यावर पडतं. आक्षेप रोखठोक आहेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

पीयूसीच्या यंत्राला धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन कळतो. ब्रेक, टायर, हँडल बघणं हे त्या केंद्राचं कामच नाही. रिक्षा-टॅक्सीला ठरावीक मुदतीने फिटनेस घ्यावं लागतं. खासगी दुचाकीची नोंदणी मात्र मोटार वाहन कायदा १९८८ नुसार १५ वर्षं चालते, आणि पुढे ५ वर्षांसाठी नूतनीकरण करताना आरटीओत गाडी दाखवावी लागते. मधल्या काळात मुदत घालून गाडी बघणारं कुणी नाही. जपानबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण तिथेही १२५ सीसीच्या वरच्या गाडीची वर्षातून एकदा नियमित तपासणी करण्याची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकलेली आहे.

आता सर्व्हिसिंग. खरा मुद्दा इथेच आहे. सर्व्हिसिंगमध्ये ऑइल, प्लग, एअर फिल्टर होतं, आणि मागचा ड्रम ब्रेक सैल वाटला तर त्याच्या रॉडचा नट आवळला जातो. नट आवळला की ब्रेक पुन्हा लागतो, पण आत शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे) किती झिजलेत ते झाकलं जातं. असं होत होत एक दिवस शूंना बाहेर ढकलणारा कॅम इतका फिरतो की ब्रेक अडकतो किंवा लागतच नाही. हे ओळखायला चाक खोलावं लागत नाही. कुणाला तरी पेडल पूर्ण दाबून धरायला सांगा आणि ड्रमवरच्या लिव्हरच्या मुळाशी असलेला छोटा बाण बघा. तो पॅनेलवरच्या (ड्रमच्या झाकणावरच्या) खुणेला टेकला, की नट न आवळता शू बदलायचे.

चेन ताणल्यावरही ब्रेक बघायलाच हवा. चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉड ताणला जातो. नट तेवढा सैल केला नाही तर शू घासत राहून ड्रम तापतो. चेनची ढिलाई बहुतेक कम्यूटर गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर लागते (तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे), पण ती एकाच जागी मोजू नका. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि जिथे चेन सर्वात घट्ट आहे तिथला आकडा धरा. त्याच वेळी ब्रेक पॅनेलला चिमट्याशी (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांशी) बांधून ठेवणारी पट्टी बघा. तिच्या बोल्टला स्प्लिट पिन असते. ती गायब असते किंवा तिच्या जागी तारेचा तुकडा असतो, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. तो बोल्ट निघाला तर ब्रेक दाबताच पॅनेल चाकाबरोबर फिरतं आणि मागचं चाक जागीच जाम होऊ शकतं. पिन काही रुपयांची आहे. दर वेळी नवीच घाला.

तीन हजार किलोमीटरचा हिशोबही सगळ्यांना लागू होत नाही. महिन्याला तीनशे किलोमीटर चालणारी गाडी दहा महिन्यांनी सर्व्हिसिंगला जाते. डिस्क ब्रेकचं ऑइल तेवढं थांबत नाही, ते हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनांक नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १५५ अंश आहे. घाट उतरताना डिस्क तापली आणि तेल उकळलं की लिव्हर थेट हँडलला टेकतो. म्हणून किलोमीटर कितीही होवोत, दोन वर्षांनी ते बदलायचं. डिस्कला दोन्हीकडून दाबणारे पॅड बघताना दोन्ही बाजूंचे बघा. एकच पॅड जास्त झिजला असेल तर कॅलिपरच्या (पॅड धरणाऱ्या भागाच्या) पिना चिखलाने अडकल्या असू शकतात, नुसता पॅड बदलून भागणार नाही.

टायरचंही तसंच. नियमानुसार दुचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, पण खाच शाबूत असूनही रबर वयाने कडक होतं. बाजूला कोरलेला चार आकडी कोड वाचा: २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. ट्यूब असलेल्या टायरचा व्हॉल्व्ह तिरका झाला असेल तर हवा कमी असताना ट्यूब आत सरकली आहे. तो मुळाशी फाटण्याआधी सरळ करून घ्या.

कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) तपासायला पाच मिनिटं लागतात. गाडी मधल्या स्टँडवर लावा, मागून कुणाला तरी दाबायला सांगून पुढचं चाक उचला. शॉकअपची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. ‘टक’ जाणवलं तर कोनसेट ढिला आहे. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवा. बरोबर सरळ स्थितीत ते अडकल्यासारखं झालं तर खड्ड्यांनी बेअरिंगच्या वाट्यांवर खाचा पडल्या आहेत, आणि मग नुसतं आवळून उपयोग नाही, सेट बदलावा लागतो. जास्त आवळला तर हळू वेगात गाडी सरळ रेषेत राहत नाही.

दिवे, हॉर्न, इंडिकेटर रोज दिसतातच. फक्त ब्रेक लाइट पुढच्या लिव्हरने आणि मागच्या पेडलने, दोन्हींनी वेगवेगळा पेटतो का ते बघा; दोन्हींचे स्विच वेगळे असतात.

राहिला गॅरेजवाल्यांचा मुद्दा. वर लिहिलेलं बहुतेक सगळं घरी, टायर गेज आणि मोजपट्टी घेऊन होतं. दर तीन महिन्यांनी जमत नसेल तर मेच्या अखेरीस, ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर आणि मध्ये जानेवारी-फेब्रुवारीत एकदा, एवढं केलं तरी चालेल. रोज लांब जात असाल तर चौथी वेळ धरा. तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा. मग गॅरेजमध्ये ‘गाडी बघा’ न म्हणता ‘मागचे शू बदला, पट्टीची पिन नवी घाला’ असं नेमकं सांगता येतं. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. झिजलेला होता की नाही ते हातात घेतल्यावर कळतंच.